अवचित आलेले धन आणि डोक्यावरचे ऋण



दिवाळीच्या स्मरणिकेत लक्ष्मीविषयी लिहायचे म्हटले की लक्ष्मी कशी मिळवावी, कशी राखावी यावरच बहुधा लिहिले जाते. पण लक्ष्मी न बोलावता दारात आली आणि त्याच वेळी घरात देणेकरी बसलेले असले, तर काय करावे? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी येतो. गिरगावातल्या जुन्या चाळीचा पुनर्विकास होतो आणि वाटा मिळतो. वडिलांची एल.आय.सी.ची पॉलिसी पिकते. कंपनीचे शेअर चढतात. कधी लॉटरीचे एखादे तिकीटही लागते. अशा रकमेला आपण ‘घबाड’ म्हणतो. आणि इकडे ब्रॅम्प्टन असो, सरे असो की कॅलगरी, घरावर मॉर्टगेज, दारातल्या गाडीवर कर्ज आणि पाकिटात चार क्रेडिट कार्डे असतातच.

या विषयावर आपल्या परंपरेत पुष्कळ विचार झालेला आहे. तो इथल्या व्यवहाराशी जोडून पाहावा, म्हणून हा छोटासा पाठ.

यक्षाचा प्रश्न

महाभारताच्या वनपर्वात तळ्याकाठी यक्ष युधिष्ठिराला विचारतो, जगात सुखी कोण? युधिष्ठिराचे उत्तर अगदी साधे आहे. जो उशिरा का होईना, स्वतःच्या घरी भाजीपाला शिजवून खातो, ज्याच्यावर कर्ज नाही आणि ज्याला परमुलखात राहावे लागत नाही, तो सुखी.

या कसोटीवर आपण सारे एकदमच नापास! आपण परमुलखातही आहोत आणि कर्जातही. परमुलूख आपण समजून उमजून पत्करला. इथेच मुले वाढली, इथेच आपले देऊळ उभे राहिले. राहता राहिले कर्ज. युधिष्ठिराने सुखाच्या व्याख्येत धनाचा उल्लेख केलेला नाही, ऋण नसण्याचा केला आहे. घबाड हाती आले म्हणजे आपण श्रीमंत झालो असे वाटू लागते. ऋण किती उरले हे पाहिल्याशिवाय ते ठरत नाही.

कर्ज मात्र देवालाही चुकले नाही. तिरुपतीच्या बालाजीने लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढले आणि भक्तांनी हुंडीत टाकलेल्या पैशातून तो ते अजून फेडतो आहे, कलियुग संपेपर्यंत फेडणार आहे, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. क्रेडिट कार्डाची ‘मिनिमम पेमेंट’ भरणाऱ्यांना ती विशेष जवळची वाटावी!

तुकोबांच्या घरातले दोनशे रुपये

आता देहूला जाऊ. तुकाराम महाराज (१६०८-१६५०) म्हटले की टाळ-वीणा डोळ्यांपुढे येते. पण त्यांचे घराणे महाजनकीचे, सावकारीचे होते हे विसरता येत नाही. आईवडील गेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले आणि संसाराचा भार तुकोबांवर पडला. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा संतू गेला, व्यापार बसला, दिवाळे निघाले.

यानंतरची एक हकिगत ताहराबादच्या महिपतींनी ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथात (१७७४) दिली आहे. तुकोबांची दुसरी पत्नी जिजाई, म्हणजे आवली, ही पुण्याच्या गुळवे या सावकाराची मुलगी. नवऱ्याची पत गेली होती, तिची शिल्लक होती. तिने स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून दिले. तुकोबांनी मीठ घेतले, बालेघाटाकडे नेऊन विकले आणि दोनशेचे अडीचशे केले. परतीच्या वाटेवर त्यांना देण्यापायी गांजलेला एक गरीब ब्राह्मण भेटला. तुकोबांनी जवळचे सगळे पैसे त्याला देऊन टाकले आणि रिकाम्या हाताने घरी आले.

कीर्तनात ही कथा आली की आपण तुकोबांच्या करुणेने गहिवरतो, आणि जिजाईचा संताप ऐकून हसतो. मला वाटते, या कथेत जिजाईच्या बाजूनेही थोडे उभे राहून पाहिले पाहिजे. ते अडीचशे रुपये कोणाचे होते? पन्नास रुपये नफा तुकोबांच्या कष्टाचा म्हणू. पण दोनशे रुपये सावकाराचे होते आणि त्यांच्या परतफेडीचा शब्द जिजाईचा होता. एका घरातले ऋण फिटले आणि दुसऱ्या घरात, तेही दुष्काळाने पोळलेल्या घरात, ते तसेच उभे राहिले.

तुकोबांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्याला आपले आणि परके हा भेदच उरला नव्हता, त्याच्या वागण्याला आपली फूटपट्टी लावण्यात अर्थ नाही. पण आपल्याला तो भेद अजून आहे. म्हणून तुकोबांचा हा त्याग पूजावा, आणि आपल्या घरी निर्णय घेताना जिजाईचा प्रश्न आधी विचारावा: “हे पैसे कोणाचे?”

आधी वाटणी, मग त्याग

गंमत अशी की याच प्रश्नाचे उत्तर तुकोबांच्याच चरित्रातल्या दुसऱ्या प्रसंगात सापडते. भामनाथाच्या डोंगरावरून धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधून परत घेऊन आले. तेव्हा लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात पडून होती. ती वसूल झाली असती तर मोडलेला संसार सावरला असता. तुकोबांनी इंद्रायणीच्या काठी ती सगळी खते मागवली. सगळी नदीत टाकली का? नाही. त्यांचे दोन भाग केले, निम्मी कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याचीच इंद्रायणीत बुडवली.

एवढा विरक्त पुरुष, पण भावाच्या हक्काचा एक कागदही त्याने आपल्या वैराग्यापायी पाण्यात जाऊ दिला नाही. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला अशी कथा आहे. तेव्हा तो नजराणा त्यांना, एकट्यांना आलेला होता. तो नाकारण्याचा अधिकारही त्यांचा होता. आपले काय आणि दुसऱ्याचे काय हे आधी ठरवायचे, त्यानंतर उदार व्हायचे. हा क्रम आपणही पाळू शकतो.

धर्मशास्त्र काय सांगते

महाराष्ट्रात ज्या ‘मिताक्षरा’ टीकेवर पिढ्यान् पिढ्या वारसाचे न्याय झाले, ती विज्ञानेश्वराची टीका याज्ञवल्क्य स्मृतीवर आहे. त्या स्मृतीतल्या व्यवहाराध्यायात दानाची अट सांगितली आहे: द्यायचे ते स्वतःचे असावे आणि दिल्याने कुटुंबाला बाधा येऊ नये. आपल्या म्हणीत हेच उलट बाजूने सांगितले आहे, ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’.

भागवताच्या आठव्या स्कंधात बळीराजाला शुक्राचार्य सांगतात की मिळालेल्या वित्ताचे पाच भाग करावेत: धर्मासाठी, कीर्तीसाठी, वित्त वाढवण्यासाठी, स्वतःच्या उपभोगासाठी आणि स्वजनांसाठी. बळीने त्या वेळी गुरूंचे ऐकले नाही, कारण त्याने वामनाला शब्द दिलेला होता. दिलेला शब्द हेही ऋणच, आणि ते त्याने सर्वस्व देऊन फेडले. म्हणून तर पाडव्याला आपण बळीचे राज्य येवो म्हणतो. गृहस्थाने मात्र गुरूंचा सल्लाही ध्यानात ठेवावा. त्या पाच भागांत उपभोगालाही एक वाटा आहे, हे विशेष. घबाडातून मुलांना डिस्नेवर्ल्ड दाखवले किंवा पत्नीला पाटल्या केल्या तर त्यात पाप नाही. फक्त तो पाचातला एक भाग असावा, आणि देणे बाजूला काढल्यानंतर जे उरेल त्यातला असावा.

इथला हिशेब

आता कॅनडातल्या घराकडे वळू. समजा, तीस हजार डॉलर अचानक हाती आले. कार्डावर आठ हजार थकले आहेत, व्याज वीस टक्के. लाइन ऑफ क्रेडिटवर बारा हजार, व्याज आठ टक्के. घराचे कर्ज चार लाख, व्याज पाच टक्के.

पहिली गोष्ट, निदान महिना-दोन महिने काहीही मोठे करू नये. पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत आणि गावभर सांगू नये. ‘असतील शिते तर जमतील भुते’ हे इथल्या थंडीतही खरे आहे. भुतांत गुंतवणुकीच्या ‘खात्रीच्या’ योजना सांगणारेही येतात. एवढ्या काळात घरातल्या सर्व कर्जांची यादी एका कागदावर करावी: कोणाचे, किती, व्याज किती, कधीपर्यंत.

दुसरी गोष्ट, या रकमेवर कर लागतो का ते पाहावे. कॅनडात लॉटरीच्या बक्षिसावर किंवा वारसाने मिळालेल्या रकमेवर घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे आयकर नाही. पुढे त्यावर मिळणाऱ्या व्याजावर मात्र आहे. बोनसचे आणि शेअरच्या नफ्याचे तसे नाही, त्यातला काही भाग सरकारचा असतो. भारतातली मालमत्ता विकून पैसे आणायचे असतील तर तिथला कर भरून एन.आर.ओ. खात्यातून वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम आणता येते. दोन्हीकडच्या कराची माहिती असणाऱ्या अकाउंटंटची फी इथे वाया जात नाही.

तिसरी गोष्ट, सर्वांत महाग कर्ज आधी. वीस टक्क्यांनी आठ हजारांवर वर्षाला सोळाशे डॉलर व्याज जाते. तेच आठ हजार बचत खात्यात तीन टक्क्यांनी ठेवले तर दोनशे चाळीस मिळतात, आणि त्यावरही कर. कार्ड फेडणे म्हणजे खात्रीने सोळाशे वाचवणे, आणि वाचलेल्या व्याजावर कर नसतो. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे कार्डाच्या मासिक स्टेटमेंटवर छापलेले असते. तो आकडा एकदा घरातल्या सगळ्यांनी वाचावा. जुन्या हिंदू कायद्यात ‘दामदुप्पट’ हा नियम होता, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे, आणि मुंबई इलाख्यात इंग्रजी अमदानीतही न्यायालये तो मानीत. इथे तसा आडोसा नाही. १ जानेवारी २०२५ पासून कॅनडात वर्षाला ३५ टक्क्यांहून अधिक दराने व्याज घेणे गुन्हा ठरला आहे, पण पे-डे लोन त्यातून वगळलेले आहे. तिथे शंभर डॉलरला चौदा डॉलरपर्यंत आकार घेता येतो. पंधरवड्याच्या उसन्यावर चौदा, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने साडेतीनशे टक्क्यांच्याही वर! असे काही डोक्यावर असेल तर ते पहिल्याच दिवशी मिटवावे.

चौथी गोष्ट, कार्ड आणि लाइन ऑफ क्रेडिट फिटल्यावर आपल्या उदाहरणात दहा हजार उरतात. ते सगळे मॉर्टगेजमध्ये लोटण्याआधी नोकरी गेली तर दोन-तीन महिने चालतील इतके पैसे हाताशी ठेवावेत, म्हणजे कार्ड पुन्हा बाहेर निघणार नाही. टी.एफ.एस.ए. (२००९ पासून) त्यासाठी सोयीची आहे. मुले लहान असतील तर आर.ई.एस.पी.त वर्षाला अडीच हजार भरल्यास सरकार प्रत्येक मुलामागे पाचशेचे अनुदान घालते. कोठल्याही कर्जावर असा वीस टक्क्यांचा लाभ सहसा मिळत नाही. मॉर्टगेजमध्ये जास्तीचे भरताना दंडाशिवाय वर्षाला किती टक्के भरता येते ते करारात पाहावे. नूतनीकरणाच्या वेळी मात्र हवे तेवढे भरता येते. आणि मुलांच्या शिक्षणकर्जाच्या संघीय भागावर १ एप्रिल २०२३ पासून व्याजच नाही, तेव्हा त्याची घाई करू नये.

एखाद्या घरावर दिवाळखोरीची वेळ आलेली असेल तर जिजाईच्या प्रश्नाला इथला कायदाच उत्तर देतो. दिवाळखोरीतून मुक्तता मिळण्यापूर्वी वारसा आला किंवा लॉटरी लागली तर ती रक्कम विश्वस्ताकडे, म्हणजे देणेकऱ्यांसाठी जाते. ती लपवणे हा गुन्हा आहे.

शून्य टक्क्यांचे कर्ज

वरचा सगळा हिशेब व्याजाच्या दरावर उभा आहे. पण एक कर्ज असे आहे की ज्यावर व्याज शून्य, कागद नाही, तारीख नाही. ते म्हणजे हातउसने. इथे नवीन आलो तेव्हा पहिल्या महिन्याचे भाडे कोणा मित्राने भरले, कोणी गाडीच्या विम्यासाठी हजार डॉलर दिले. गणिताप्रमाणे हे कर्ज यादीत सर्वांत शेवटी येते. माझ्या मते ते सर्वांत वर असावे. बँकेला आपले नाव पाठ नसते, मित्राला असते. तो मागणार नाही, पण आपल्या दारात नवी गाडी आलेली पाहून त्याला काय वाटेल? ज्याने केवळ विश्वासावर दिले, त्याला वाट पाहायला लावण्यात फायदा असला तरी धर्म नाही.

याहून अवघड असते ते घरातलेच ऋण. हे मी अनुभवावरून लिहितो आहे. पुण्यातला आईवडिलांचा फ्लॅट विकला गेला तेव्हा माझ्या निम्म्या हिश्शात इथले उरलेले कर्ज जवळजवळ फिटणार होते. कायद्याने तो हिस्सा निर्विवाद माझा होता. पण आईच्या अखेरच्या सहा वर्षांत धाकटा भाऊ आणि भावजय तिच्याजवळ होते. रात्रीच्या बाईचा पगार, औषधे, दोनदा इस्पितळ, हे सगळे त्यांनी केले होते. मी दर आठवड्याला फोन करत होतो. मी हिशेब मागितला तेव्हा भाऊ रागावलाच. म्हणाला, “दादा, हिशेब कसला करतोस? ती माझीही आई होती.” शेवटी माझ्या पत्नीने भावजयीशी बोलून तोडगा काढला. सेवेची किंमत करायची नाही, पण खिशातून झालेला खर्च एकूण रकमेतून आधी त्यांच्याकडे जाईल आणि उरलेल्याचे दोन भाग होतील. भावजयीने जुन्या वहीतून आकडे काढून दिले. इथले आमचे कर्ज त्यामुळे दोन वर्षे लांबले. ती दोन वर्षे जड गेली नाहीत, आणि पुण्याचे ते दार पूर्वीसारखेच उघडे आहे.

तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: देवांचे, ऋषींचे, पितरांचे. पितृऋण म्हणजे केवळ श्राद्ध-तर्पण नव्हे. आपल्या वतीने ज्यांनी आईवडिलांना सांभाळले, त्यांचेही काही देणे त्यात धरावे असे मला वाटते.

आणि देऊळ?

देवळाच्याच स्मरणिकेत हे लिहिताना थोडा संकोच होतो, पण लिहिले पाहिजे. घबाड मिळाले की पहिली मोठी देणगी देवाला, ही आपली भावना सुंदर आहे. परंतु कार्डावर वीस टक्क्यांचे देणे ठेवून दिलेल्या देणगीत सावकाराचा वाटा असतो. आपली संस्था भक्तांच्या देणग्यांवर चालते हे खरे. तरी अशा वेळी अकरा डॉलर आणि एक फूल देवाला पुष्कळ झाले. ऋण फिटल्यावर दरमहा वाचणाऱ्या व्याजातला थोडा भाग नियमाने द्यावा. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा तो देवळाच्याही अधिक उपयोगी पडतो, हे कोणत्याही कोषाध्यक्षांना विचारून पाहावे!

घरी चर्चेसाठी

मुलांना सोबत घेऊन पाडव्याच्या दिवशी या प्रश्नांवर बोलावे:

१. तुकोबांनी खतांचे दोन भाग का केले असतील?
२. जिजाईच्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता?
३. आपल्या घरावर कोणकोणते ऋण आहे? कागदावर नसलेले कोणते?
४. उद्या दहा हजार डॉलर मिळाले तर पहिले शंभर कोणाला द्याल?

चौथ्या प्रश्नाला मुले फार मोकळी उत्तरे देतात, आणि त्यातून आपल्या घरात पैशाविषयी काय बोलले जाते ते मोठ्यांना कळते.

‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी सणांचा अनुभव घेऊनच केली असावी. या दिवाळीत ज्यांच्या घरी लक्ष्मी अवचित येईल, त्यांनी तिला आधी देणेकऱ्यांच्या दारी पोचवावे, मग उरलेली देवघरात मांडून पूजावी. ती पूजा करताना मनाला जी स्वस्थता असेल, ती आपणा सर्वांना लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.